मुलगी कोणावर गेली

उज्जैनला टावर चौकातून फ्रीगंजच्या आतल्या रस्त्याला लागलं की माझं दुकान येतं. मॅचिंगचं. फॉल, अस्तर, परकर, ब्लाउजचं कापड. बाई साडीचा पदर काउंटरवर टाकते आणि म्हणते, "भैया, इसका दिखाओ." मी पदराकडे एकदा बघतो आणि शेड कार्ड न उघडता मांडणीतून कापडाचं थान ओढतो. ट्यूबलाइटच्या उजेडात रंग फसवतो, म्हणून थान आणि पदर घेऊन दारापर्यंत जातो आणि दोन्ही उन्हात धरतो. बाईला पटतं. मग ती भाव पाडायला लागते आणि माझं डोकं फिरतं, पण तो वेगळा विषय आहे. सांगायचं ते असं की रंग जुळवण्यात ज्याचा हात या बाजारात कोणी धरत नाही, त्याच्या घरी मुलगी झाली आणि ती कोणालाच जुळेना.

बायकोचं माहेर इथलंच, जुनं. त्यांचे कोणी खापरपणजोबा दरबाराबरोबर दक्षिणेतून आले आणि दफ्तरात कारकून झाले. पुढे दरबार गेला, दफ्तर गेलं, जमिनीही गेल्या. राहिला तो 'आमच्याकडे' हा शब्द. आमच्याकडे वरणात गूळ घालतात. आमच्याकडे मोठ्यानं बोलत नाहीत. आमच्याकडे नाक सरळ असतं. माझे वडील खानदेशातून रेल्वेत गँगमन म्हणून आले आणि लवकर गेले. मी शाळा सोडली, सायकलच्या कॅरिअरला फॉलचे गठ्ठे बांधून गल्ल्या हिंडलो आणि त्यातून हे दुकान उभं केलं. आमच्याकडे सांगण्यासारखं एवढंच.

लग्नाच्या बोलणीत सासूबाई म्हणाल्या होत्या, "दुकान स्वतःचं आहे म्हणे. असू दे. आमच्याकडे कोणी दुकानात बसलं नाही, पण काळ बदलला." हे त्यांनी कौतुक म्हणून म्हटलं, असं बायको आजही शपथेवर सांगते.

मुलीच्या बारशाला पाळण्याभोवती बायकांचं कोर्ट भरलं. आपल्याकडे ते भरतंच. मूल कोणावर गेलं याचा निकाल लागल्याशिवाय कोणी घुगऱ्यांना हात लावत नाही. कपाळ आजोबांचं, हनुवटी आत्याची, कान कोणाचे ते मोठे झाल्यावर कळेल. एकेक अवयव वाटून झाला. भुवया आणि डोळ्यांपाशी गाडी अडली. भुवया कमानीसारख्या उंच आणि बाहेरच्या टोकाला विरळ. डोळे लांब, आणि खालची पापणी बाहेरच्या कोपऱ्याशी किंचित उलटलेली, आतला गुलाबी रंग दाखवणारी. सासूबाईंनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "डोळे आमच्याकडचे नाहीत."

मी परात घेऊन उभा होतो. म्हणालो, "आमच्याकडचेही नाहीत, आई. पण आता काय करणार? बिका हुआ माल वापस नहीं होता."

बायका हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्या दिवसापासून ती केस उभी राहिली आणि पुढची नऊ वर्षं चालली.

पोरीला दूध ओढता येईना. अंग सैल, मान उशिरा धरली, चालली उशिरा, बोलली त्याहून उशिरा. उंची वाढेना. कान सारखे फुटायचे, ऐकू कमी यायचं. जे जे उशिरा झालं ते ते माझ्या नावावर लागलं. "तुमच्याकडे मुलं उशिरा बोलत असतील, जावईबापू." मी म्हणायचो, "आमच्याकडे बोलायला कोणाला वेळच नव्हता, आई." आणि पोरगी एकदा ऐकलेलं गाणं चाल न चुकता गुणगुणायला लागली, तेव्हा सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "गळा आमच्याकडचा." खोट माझी आणि नफा त्यांचा. असा सौदा मी आयुष्यात कोणाशी केला नाही.

बायको या भांडणात कधी पडली नाही. पोरीला भरवायची, कानात औषध घालायची, शब्द गिरवून घ्यायची. सासूबाई आणि मी बोलायला लागलो की ती कुकर लावायला उठायची. आमच्या घरात भात फार शिजला.

मग सासूबाईंना कोणीतरी पितृदोष सुचवला. उज्जैनमध्ये दोष सुचवायला माणूस शोधावा लागत नाही. एका सकाळी आम्ही सगळे राम घाटावर जाऊन बसलो. पंडितजींनी पाट मांडले, दर्भ काढला आणि विचारलं, "दोष किस पक्ष का है? पिता पक्ष या मातृ पक्ष?"

"पिता पक्ष," सासूबाई म्हणाल्या.

"किसने कहा?" मी म्हणालो.

"सगळ्यांना दिसतंय ते सांगायला कोण लागतं?"

"मला नाही दिसत. पंडितजी, मातृ पक्ष लिखो."

"जावईबापू, पायऱ्यांवर तमाशा नको."

"तमाशा मी मांडलेला नाही, आई. पाट तुम्ही मांडायला लावलेत."

शेजारी पिंडदानाला बसलेलं एक कुटुंब पिंड हातात धरून आमच्याकडे बघायला लागलं. पंडितजी अनुभवी होते. शांतपणे म्हणाले, "ऐसा करते हैं, दोनों पक्ष का करा देते हैं. किसी को शिकायत नहीं रहेगी." आणि दक्षिणा दुप्पट सांगितली. त्यावर मात्र सासूबाई आणि मी प्रथमच एका सुरात बोललो. पूजा एकाच दक्षिणेत दोन्ही पक्षांची झाली. पोरगी सगळा वेळ पाण्यातल्या माशांना लाह्या टाकत होती.

ज्या डॉक्टरणीनं खरं काय ते ओळखलं, ती इंदूरची, आपल्यातलीच, मराठी बोलणारी. कानांसाठी गेलो होतो, तिथून कोणीतरी तिच्याकडे पाठवलं. तिनं पोरीचे कान पाहिलेच नाहीत. हात हातात घेतला आणि बोटांची टोकं बघत बसली. पोरीच्या बोटांची टोकं फुगीर आहेत, प्रत्येक बोटाला छोटी उशी लावल्यासारखी. मला ती नेहमीच आवडायची. दुकानात आली की ती त्याच बोटांनी रुबिया चाचपते, सॅटिनला गाल लावते.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "मला एक शंका आहे." मग त्यांनी एका आजाराचं नाव सांगितलं. जपानी डॉक्टरांनी तो आधी ओळखला. या मुलांचे डोळे तिथल्या एका जुन्या नाट्यप्रकारातल्या रंगवलेल्या डोळ्यांसारखे दिसतात म्हणून त्या नाट्यप्रकाराचं नाव दिलं, काबुकी. "खात्री करायला जनुकाची तपासणी करू. तिघांचं रक्त लागेल. तिचं, आईचं आणि वडिलांचं."

"आईवडिलांचं कशाला?"

"हे कुठून आलं ते कळतं त्यात."

मला वाटलं, नऊ वर्षांनी अखेर कोणीतरी न्यायाधीश भेटला. मतदानाला बोट पुढे करतात तशी मी रक्त काढणाऱ्यापुढे बाही वर केली.

घरी आल्यावर आधी सासूबाईंना फोन केला. "रक्तात काय ते दिसणार आहे, आई. कोणाकडचं ते लिहून येणार."

"येऊ दे की," त्या म्हणाल्या. "नाटकाचं नाव आहे म्हणता ना त्या आजाराला? आमच्याकडे नाटकात कोणी नव्हतं. खानदेशात तमाशा असतो असं ऐकलंय."

मी फोन ठेवला नाही, आपटला. आणि पुढचे कित्येक दिवस दुकानात जुन्या गिऱ्हाइकांना, चहावाल्याला, शेजारच्या बांगडीवाल्याला सांगत राहिलो की रिपोर्ट येऊ दे, मग बघा. निकाल माझ्या बाजूनं लागणार यात मला शंका नव्हती. इतकी वर्षं ज्याच्यावर आरोप होत राहतो त्याला आपण निर्दोष आहोत याची जरा जास्तच खात्री होते.

रिपोर्ट आणायला जायच्या दिवशी इंदूरच्या बसमध्ये पोरगी माझ्या मांडीवर झोपली होती. बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अहो, माझं निघालं तर?"

"काय तुझं?"

"रक्त. माझ्याकडून आलेलं निघालं तर?"

"तर तुझ्या आईला मी सोडणार नाही. दारात उभा राहून वाचून दाखवीन."

पुढच्या गावात बस थांबली, भुट्टेवाला खिडकीशी येऊन गेला, बस सुटली. मग ती म्हणाली, "आईला वाचून दाखवाल. मी काय करू?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती. पोरीच्या पायातला सुटलेला बूट नीट करत होती.

"गरोदर असताना मी पपई खाल्ली होती," ती म्हणाली. "ग्रहणात भाजी चिरली होती. आई म्हणते 'जावईबापूंचं रक्त'. तुम्ही म्हणता 'तुझ्या आईचं घराणं'. तुमच्या दोघांच्या मध्ये कोण उरतं? रक्त तर माझंही घेतलंय ना."

घासाघीस करताना समोरचा काय मागतोय हे मला आधी कळतं. त्यावरच माझं पोट चालतं. ही बाई नऊ वर्षं माझ्या घरात काय मागत होती, हे तिलाच मला त्या बसमध्ये सांगावं लागलं. पुढचा स्टॉप कुठला असं मी कंडक्टरला विचारलं. मला माहीत होता.

डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट उलगडला आणि शंका खरी निघाल्याचं सांगितलं. मग समजावलं. आपल्या प्रत्येक पेशीत फार लांब धागा असतो. त्यात सगळं लिहिलेलं असतं. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, रिळांवर दोरा गुंडाळतात तसा. गुंडाळलेला भाग वाचता येत नाही. कुठे उलगडायचं हे कळावं म्हणून त्या रिळांवर खुणा कराव्या लागतात. अशा खुणा करणारं एक एन्झाइम असतं. ते एन्झाइम कसं बनवायचं हे ज्या जनुकात लिहिलंय त्याचं नाव केएमटी-टू-डी. पोरीच्या त्या जनुकात एक अक्षर बदललं होतं.

"म्हणजे माल सगळा गोदामात आहे," मी म्हणालो.

"आहे."

"फक्त कुठलं थान उघडायचं त्याची खूण नाही."

"काही ठिकाणी नाही. या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक चांगली आहे, म्हणून बऱ्याच खुणा होतात. पण एकीचं काम पुरत नाही."

"एका माणसावर दुकान चालतं, मॅडम. मी चालवलंय."

"हे नाही चालत."

"बरं. मग बिघडलेली प्रत कोणाकडची?"

बायको टेबलाची कड धरून बसली होती. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "तुमच्या दोघांच्याही रक्तात हा बदल सापडला नाही."

"पण दोनच प्रती ना? एक हिच्याकडची, एक माझ्याकडची. बिघडली ती एकच. मग ती कोणाची तरी असणारच."

"प्रत कोणाची तरी आहे. चूक कोणाची नाही. धाग्याची नक्कल होताना एक अक्षर चुकलं. अशा चुका सगळ्यांत होतात, बहुतेक कुठेतरी बिनमहत्त्वाच्या जागी पडतात. ही या जागी पडली."

"एवढ्या मोठ्या कारखान्यात चेकिंग नाही?"

"आहे. फार चांगलं आहे. तरी एखादं सुटतं."

माझ्या दुकानात गल्ल्यामागे एक जुनी पाटी आहे, 'फैशन के इस दौर में गारंटी की इच्छा न करें'. ती मी स्वतः लावली आहे. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की मी बोट दाखवतो. त्या दिवशी मला समजलं की ती पाटी वाचणाऱ्याला किती राग येत असेल.

बायकोनं एकच प्रश्न विचारला. "माझ्या खाण्यापिण्यानं? काही केल्यानं?"

"नाही. कशानंही नाही."

"ग्रहणात काही केलं तर?"

"नाही."

ती मान हलवत राहिली. मग पोरीच्या केसांची रिबीन सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. पोरगी म्हणाली, "आई, झाली ना." तेव्हा थांबली. टेबलाची कड सोडलेल्या तिच्या तळहातावर लाल रेघ उमटली होती.

मला आनंद व्हायला हवा होता. पण खरं सांगायचं तर आरोपीच नाही म्हणून ज्याची केस निकालात निघाली अशा वकिलासारखं मला वाटत होतं. नऊ वर्षं जमवलेले टोमणे आता कोणाला मारायचे?

पोरीच्या हृदयाची तपासणी उरली होती, म्हणून आम्ही वऱ्हांड्यात बाकावर थांबलो. समोरच्या बाकावर एक जोडपं, आणि त्यांची मुलगी आमच्याकडे पाठ करून खेळत होती. ती वळली. मला वाटलं, आमचीच पोरगी उठून तिकडे गेली. मग आमची माझ्या शेजारी दिसली. मी उठलो. डोक्यावर ट्यूबलाइट होती आणि ट्यूबलाइटवर माझा विश्वास नाही. खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो आणि दोघींना बोलावलं. उन्हात पाहिलं. त्याच कमानीच्या भुवया, बाहेरच्या टोकाला विरळ. तेच लांब डोळे, तीच गुलाबी कड. रंग वेगळा, केस वेगळे, पण चेहरा एकाच थानातून फाडलेला. आयुष्यात मी इतकं तंतोतंत मॅचिंग पाहिलं नव्हतं, आणि ते काढणारा मी नव्हतो.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग आमचीनं आपलं फुगीर बोट पुढे केलं आणि दुसरीनं आपलं त्याला टेकवलं. दोघी हसल्या. कशाला ते त्यांना माहीत.

त्या मुलीचे वडील येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. मंदसौरचे, लसणाचे व्यापारी. पाच मिनिटांत आम्ही एकमेकांचा धंदा ओळखला आणि दहाव्या मिनिटाला ते मुद्द्यावर आले. "भाईसाहब, आपके यहाँ किसकी तरफ से निकला?"

"किसी की तरफ से नहीं."

"हमारे यहाँ भी. पर अम्मा नहीं मानतीं. कहती हैं, किसी का तो होगा."

"हमारी सासूमाँ भी नहीं मानेंगी."

"तो घर जाकर क्या बोलोगे?"

"वही सोच रहा हूँ."

आम्ही एकमेकांच्या मुलींचे फोटो काढले.

सासूबाई निकाल ऐकायला आमच्या घरी येऊन बसल्याच होत्या. पाय वर घेऊन, इस्त्रीची साडी नेसून. मी काही बोलायच्या आधी चहा मागितला. मग मोबाइल पुढे केला.

त्यांनी चष्मा पुसला. "हा फ्रॉक कधी घेतला? हिरवा नाही शोभत तिला."

"ही आपली नाही, आई."

"काहीतरी बोलू नका."

"नाही खरंच. ही मंदसौरची आहे. आपली ती बघा, तिथे बसलीय."

त्यांनी पोरीकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, पुन्हा पोरीकडे. फोटो मोठा करता येतो हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तो इतका मोठा केला की एकच भुवई उरली. मग विचारलं, "आडनाव काय यांचं?"

मी सांगितलं. ते ना आमच्याकडच्या कोणाशी जुळत होतं ना त्यांच्याकडच्या.

"जात?"

तीही सांगितली. चहा निवत होता. डॉक्टर मॅडमनी सांगितलेलं सगळं, धागा, रिळं, खुणा, बदललेलं अक्षर, मी मनात क्रमानं लावून ठेवलं होतं आणि आता सुरुवात करणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे हे त्यांच्याकडून आलंय."

मी तोंड उघडलं. बायकोनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. या दोघांनी कुठेतरी एकदा सही करून टाकावी, एवढंच मागणारा चेहरा होता तो. आणि गिऱ्हाईक पर्सची चेन उघडतं तेव्हा दुकानदारानं बोलायचं थांबवायचं असतं, एवढं मला धंद्यानं शिकवलं आहे.

"हो आई," मी म्हणालो. "त्यांच्याकडूनच."

"तरी मी म्हणतच होते. आमच्याकडचे नाहीत, तुमच्याकडचेही नाहीत."

"हे तुम्ही कधी म्हणालात?"

पाय पुन्हा दाबला गेला. मी चहा प्यायलो. बायको उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ कुकरचा आवाज आला नाही. नंतर बघितलं तर ती ओट्याला टेकून पपई खात होती.

त्यानंतर नातलगांत कोणी पोरीच्या डोळ्यांचा विषय काढला की सासूबाई शांतपणे सांगतात, "ते मंदसौरचं आहे." ऐकणाऱ्याला काही कळत नाही, पण त्या इतक्या ठामपणे सांगतात की पुढे कोणी विचारत नाही. दोन्ही पोरी रविवारी व्हिडिओ कॉलवर असतात. बोलतात कमी, गाणी जास्त म्हणतात, आणि शेवटी स्क्रीनला बोट टेकवतात.

मागच्या रविवारी पोरींचं झाल्यावर लसणाचे व्यापारी फोनवर आले. जरा ओशाळल्यासारखे हसत म्हणाले, "भाईसाहब, बुरा मत मानना. अम्मा ने आपकी बिटिया की फोटो देखी. अब सबको बोलती फिरती हैं कि ये तो उज्जैन वालों से आया है."

माझं डोकं फिरलं. म्हणालो, "हमसे कैसे आया? हम आपसे पहले मिले कब थे?"

त्या दिवशी सासूबाई आलेल्या होत्या, शेजारी वाती वळत होत्या. हात थांबला. "काय म्हणतायत?"

"त्यांच्या आई म्हणतात, आपल्याकडून गेलंय."

"आपल्याकडून?" त्यांनी वातीचं ताट बाजूला सरकवलं आणि हात पुढे केला. "आपल्याकडे असलं कधी काही नव्हतं. जावईबापू, द्या तो फोन इकडे."

मी दिला.